सरपण

तिकालच्या जंगलात आमच्या वाटाड्याने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं खरं उत्तर दिलं. त्यावर तो काहीच बोलला नाही. झाडाच्या बुंध्यावरून एकदा हात फिरवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पुढे चालू लागला. घडलं ते एवढंच. पण ग्वातेमालाहून परत येऊन दीड वर्ष होत आलं, तरी त्याचं ते हात फिरवणं डोळ्यांसमोरून जात नाही. भाजी निवडताना, लोकलमध्ये खिडकीशी बसलेली असताना मध्येच आठवतं आणि जिवाला लागून राहतं.

लेक ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेले होते, तिथून दोघी मिळून बारा दिवस मध्य अमेरिकेतला ग्वातेमाला फिरलो. तिकाल म्हणजे तिथल्या जंगलातली माया लोकांची जुनी दगडी नगरी. तिकालला पोचलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. ओल्या मातीचा वास, पायाखाली कुजलेला पाचोळा, आणि झाडांच्या शेंड्यांवरून येणारा असा आवाज, की मी लेकीचा दंडच धरला. कुठलंतरी मोठं जनावर गुरगुरत असावं तसा तो आवाज निघाला माकडांचा. चौथ्या क्रमांकाच्या मंदिरावर लाकडी जिन्याने चढलो. साठ मीटरच्या वर उंची, खाली धुकं, त्या धुक्यातून वर आलेले झाडांचे शेंडे आणि त्यांच्यामधून डोकं काढणारे दोन-तीन दगडी माथे. हे दृश्य फोटोंमधून सगळ्यांनी पाहिलेलं आहे, मी त्याचं वर्णन करत बसत नाही. माझ्या मनात राहिलं ते खाली उतरल्यावरचं.

वाटेत एका झाडापाशी वाटाड्या थांबला. जाड, काळपट बुंधा, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत तिरप्या चिरा, एकीतून दुसरीत उतरणाऱ्या, शेतातल्या पाटांसारख्या. जुन्या जखमा भरून आल्यावर राहतात तसे वण होते ते. खाली पाचोळ्यात माकडांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळं पडली होती. मी एक उचललं. खरखरीत तपकिरी साल. अंगठ्याने जरा दाबलं आणि तो वास आला. डोळे बांधून कुठेही नेलं असतं तरी मी तो ओळखला असता. "चिकू!" मी एवढ्या मोठ्याने म्हटलं, की पुढे गेलेले दोघेजण मागे वळून बघायला लागले.

मग मी सांगतच सुटले. आमचं गाव घोलवड. चिकू म्हणजे आमचंच फळ. वाडीतली कालीपत्तीची झाडं, काठीच्या टोकाला जाळी लावून फळं उतरवणं, मग ती धुऊन त्यांच्यावरचा तपकिरी भुसा काढणं, बोटांना चिकटलेला चीक तेल लावून घालवणं. लेक भराभरा इंग्रजी करत होती. तो हसत ऐकत होता. मग म्हणाला, "हे झाड इथलं आहे. इथूनच सगळीकडे गेलं." त्याने नाव सांगितलं, चिकोसापोते. हे स्पॅनिश नाव. आणि मग जरा थांबून म्हणाला, "माझे आजोबा याला 'या' म्हणायचे." शेवटी गळ्यात श्वास किंचित अडकवून तोडल्यासारखा उच्चार. मला मात्र ते आपल्या दारात उभं राहून कुणी "या, बसा" म्हणावं तसं ऐकू आलं.

त्याचे आजोबा इत्सा माया. पेतेन इत्सा तळ्याकाठच्या सान होसे गावचे. स्पॅनिश फौजांपुढे सगळ्यांत शेवटी पडलेलं माया राज्य याच इत्सा लोकांचं, साल १६९७. आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीला होते. इत्सा भाषा आजोबांच्या पिढीला आली, वडिलांच्या पिढीत बोलायला बंदी होती, शाळेत बोललं तर मार. त्याच्यापर्यंत पोचले ते पन्नासेक शब्द. आणि ते बहुतेक झाडांची नावं.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे या लाकडाचं काय करता?"

लेकीची वाट न बघता मीच उत्तर दिलं. स्पॅनिश मला दहा-पंधरा शब्दांपलीकडे येत नव्हतं, पण त्यातला एक शब्द मी रस्त्याकडेच्या पाट्यांवर रोज वाचत होते. 'से वेंदे लेन्या.' सरपण विकत मिळेल. "लेन्या," मी म्हटलं. सरपण.

आणि तो गप्प झाला.

मी खोटं बोलले नव्हते. अण्णांच्या आजारपणात वाडीचा उत्तरेकडचा भाग विकावा लागला. घेणाऱ्याला जमीन मोकळी हवी होती. बेचाळीस झाडं होती, त्यातली बरीचशी आजोबांच्या हातची. लाकडाच्या व्यापाऱ्याने झाडांकडे नीट बघितलंही नाही. आंबा असता तर फळ्या निघाल्या असत्या, चिकूचं काय करायचं, असं म्हणून त्याने वजनावर भाव सांगितला. दोन ट्रक भरले. शेवटच्या ट्रकमागून किती वेळ धूळ उडत राहिली होती. अण्णा ओट्यावर बसून होते आणि आई त्यांच्याजवळ चहाचा कप ठेवून आत निघून गेली. तो चहा तसाच राहिला, वर साय धरली. त्या दिवशी घरात कुणी झाडांचं नाव काढलं नाही. नंतरही नाही. आमच्याकडे दुःखाची ही रीत आहे, त्याचं नाव काढायचं नाही.

अर्ध्या तासाने आम्ही मोठ्या चौकात आलो. समोरासमोर दोन मंदिरं, मध्ये हिरवळ. पहिलं मंदिर जसाव चान काविल या राजाचं. त्याची समाधीच त्याखाली सापडली. समोरचं त्याच्या राणीचं. पहिल्या मंदिरावर आता कुणाला चढू देत नाहीत. वाटाड्याने हात वर करून माथ्यावरचं काळं दार दाखवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या दारावरच्या तुळया तुझ्या झाडाच्या आहेत."

मला आधी कळेचना. मग त्याने समजावून सांगितलं. भिंती चुनखडीच्या दगडाच्या, पण दाराच्या वर भार पेलायला लाकूड लागतं. इथल्या सुतारांनी त्यासाठी चिकू निवडला. त्या लाकडाला वाळवी सहजी लागत नाही, पाण्यापावसाने ते लवकर कुजत नाही. वर्षाचे कितीतरी महिने जिथे पाऊस आणि दमटपणा, तिथे तेराशे वर्षं ते लाकूड टिकून आहे. नुसती तुळई नाही, तिच्यावर कोरीवकाम केलेलं. सिंहासनावरचा राजा, त्याच्यामागे उभा भलामोठा दैवी प्राणी, आणि बाजूला लिपीतल्या ओळी. ६९५ साली कालाकमुल या वैरी नगरीच्या राजावर मिळवलेल्या विजयाची नोंद त्या लाकडावर आहे. त्याच पहाटे आम्ही ज्या चौथ्या मंदिरावर उभ्या होतो तिथल्या कोरीव तुळया तर एकोणिसाव्या शतकात काढून स्वित्झर्लंडला नेल्या, बाझेलच्या संग्रहालयात आहेत. चिकूच्या लाकडासाठी कुणी समुद्र ओलांडला, आणि आम्ही ते वजनावर दिलं.

त्या संध्याकाळी फ्लोरेस गावातल्या मुक्कामाच्या खोलीत पंखा घरघरत होता आणि मी मोबाइलवर वाचत बसले होते. तेव्हा एक गोष्ट सापडली, तिने मला झोप येऊ दिली नाही. माया लोकांची दिवसांची मोजणी आणि आपलं इंग्रजी कॅलेंडर यांची सांगड नेमकी कुठे घालायची, यावर विद्वानांचा कितीतरी वर्षं वाद होता. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात याच पहिल्या मंदिराच्या तुळईतल्या लाकडाच्या थरांचं कार्बन पद्धतीने वय काढलं. झाड कोणत्या सुमारास तोडलं ते कळलं, त्यावर कोरलेली तारीख ठाऊक होतीच, दोन्ही जुळवून बघितल्या. जी सांगड बहुतेकांना मान्य होती तिलाच लाकडाने दुजोरा दिला. चिकूच्या झाडाने साक्ष दिली, असं मला वाटलं. आणखीही एक वाचलं. मोठी, सरळ चिकूची झाडं पुढे तिथेही मिळेनाशी झाली. ७४१ च्या सुमाराला चौथं मंदिर उभं राहिलं, त्यानंतर काही काळ दुसऱ्या, वाकड्यातिकड्या लाकडावर भागवलं. नंतर पुन्हा चिकू वापरला तो बारीक बुंध्यांचा. म्हणजे झाडं तोडून संपवणारे आम्हीच पहिले नव्हतो. पण याने मनाला आधार मिळाला नाही.

बुंध्यावरचे ते वण कसले, हे दुसऱ्या दिवशी कळलं. चिक्लेचे. झाडावर कोयत्याने तिरप्या चिरा पाडायच्या, पांढरा चीक ओघळत खालच्या पिशवीत जमतो, तो मोठ्या कढईत आटवून घोटून त्याच्या विटा पाडायच्या. अमेरिकेत च्युइंगगम बनायचं ते याच चिकापासून, नंतर कृत्रिम माल आला आणि धंदा बसला. वाटाड्याचे आजोबा हेच काम करायचे. पावसाळ्यात महिनोन् महिने जंगलात, कमरेला दोर बांधून झाडावर. चीक काढलेल्या झाडाला मग काही वर्षं विश्रांती द्यावी लागते, नाहीतर ते मरतं. जंगलात दडलेली कितीतरी जुनी नगरं बाहेरच्या जगाला कळली ती या चीक काढणाऱ्यांमुळे. त्यांच्या पायवाटांवरूनच संशोधक आत गेले. चिक्ले आणि चीक, दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध असायचं कारण नाही. पण लहानपणी आई म्हणायची, चीक असतो म्हणून चिकू. मी तेच खरं मानत आले होते.

मग आम्ही दक्षिणेला डोंगरात गेलो. तिथे जंगल नाही. थंडी, मक्याची शेतं आणि पहाटेपासून घराघरातून येणारा थापण्याचा आवाज. तो आवाज ऐकून मी पहिल्याच दिवशी जागी झाले आणि काही क्षण आपण कुठे आहोत तेच कळेना. दोन तळव्यांमध्ये मक्याच्या पिठाचा गोळा, टप टप टप, हाताहातात फिरवत वाढवायचा आणि मातीच्या तव्यावर टाकायचा. भाकरी आपण परातीत थापतो, त्या बायका हवेत थापतात. मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवतात, त्याने साल सुटते. पिठाला त्या चुन्याचा हलका वास राहतो. इथल्या किचे माया लोकांच्या पुराणकथेत देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना काळीज नव्हतं. शेवटी मक्याच्या पिठाची केली ती टिकली. पीठ थापणाऱ्या त्या बाईच्या हातांकडे बघत असताना मला ही कथा जुनी वाटली नाही.

चिचिकास्तेनांगोला रविवारी बाजार असतो. बाजाराच्या मधोमध पांढरं चर्च, त्याला अठरा पायऱ्या. माया वर्षाचे महिने अठरा, वीस-वीस दिवसांचे, आणि वर पाच दिवस. म्हणून अठरा, असं तिथे सांगतात. पायऱ्यांवर बायका फुलं घेऊन बसलेल्या, आणि पत्र्याच्या डब्यात निखाऱ्यांवर पोम जळत होता. पोम म्हणजे झाडाची राळ. तो धूर नाकात गेला आणि गुरुवारी संध्याकाळी आमच्या देवघरात फिरणारी धुपाटणी आठवली. एक म्हातारा डबा हलवत हलक्या आवाजात बोलत होता. गाणं नाही, मंत्र म्हणावा असंही नाही, कुणा ओळखीच्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. मी मोबाइल वर केला आणि खाली घेतला. तो देवाशी बोलत होता, त्यात माझं काय काम?

त्याच गावात एका आखीखाकडे गेलो. आखीख म्हणजे दिवस सांभाळणारा माणूस. दोनशे साठ दिवसांची मोजणी, वीस दिवसांची नावं आणि एक ते तेरा आकडे, एकमेकांत फिरत राहतात. राज्यं गेली, नगरं जंगलाने गिळली, पोथ्या पाद्र्यांनी जाळल्या. पण या डोंगरात एक दिवस चुकला नाही. आज कोणता दिवस, हे इथल्या माणसाला आपल्या आजोबांना ठाऊक होतं तसंच ठाऊक आहे. मेजावर कापड पसरून त्याने लाल बियांची रास ओतली. आपल्या पांगाऱ्याच्या कुळातल्या झाडाच्या बिया. मूठभर घेऊन चार-चारच्या ढिगांत मांडत गेला. माझी जन्मतारीख विचारून माझा दिवस सांगितला, कानिल, म्हणजे बी, पेरणी. तो प्रत्येक दिवसाचं नाव घेताना आधी 'आहाव' म्हणत होता. लेकीने विचारून सांगितलं, आहाव म्हणजे स्वामी, मालक. दिवस म्हणजे नुसता आकडा नाही, येणारी व्यक्ती. मला श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. आपल्याकडेही वार माणसासारखे दारात येतात, रुसतात, प्रसन्न होतात. आई रोज सकाळी पंचांग काढून विचारायची, "आज कोण आहे?" आज काय आहे, असं नाही. कोण.

किचेमध्ये विसाला एक माणूस म्हणतात, हात-पायांची वीस बोटं म्हणून. आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या मावशी चिकू मोजायच्या ते विसांनी. तीन इसा, चार इसा. शंभर त्या म्हणायच्याच नाहीत, पाच इसा म्हणायच्या. आम्ही पोरं त्यांना हसायचो. आज तो आवाज ऐकायला मिळावा असं वाटतं.

बाजारात एका दुकानात पिशव्या टांगल्या होत्या, जुन्या विपिल कापून शिवलेल्या. विपिल म्हणजे तिथल्या बायकांचा अंगातला पोलका. कमरेला पट्टा बांधून, दुसरं टोक झाडाला अडकवून, बसल्या बसल्या विणतात. एकेका विपिलला महिनोन् महिने लागतात, आणि नक्षी बघून बाई कुठल्या गावची ते कळतं. १९६० ते १९९६ या यादवी युद्धाच्या काळात हेच जीवावर आलं. दोन लाख माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, ज्यांची ओळख पटली त्यांतली बहुसंख्य माया. जीव वाचवण्यासाठी घर सोडून निघालेल्या कितीतरी बायकांनी आपल्या गावचं कापड अंगावरून उतरवलं, ओळखू येऊ नये म्हणून. हे मला एका विणणाऱ्या बाईनेच सांगितलं, धागा न थांबवता. त्या दुकानातल्या पिशवीवर दोन डोक्यांचा पक्षी होता, या गावची खूण. पण कापताना तो मधोमध कापला गेला होता. एका पिशवीवर एक डोकं, शेजारच्या पिशवीवर दुसरं. आपल्याकडे बोहारणीला आईची जुनी जरीची साडी देऊन स्टीलचं पातेलं घेतात, त्यानंतर त्या साडीचं काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. पिशवी घेतली नाही. बाहेर आल्यावर मात्र वाटलं, न घेऊन मी कुणाचं भलं केलं? विकणाऱ्या बाईला त्या दिवशी पैसे हवे होते.

२०१६ साली ग्वातेमालातल्या माया विणकर बायका तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेल्या. आमच्या नक्षी हे आमच्या गावांचं सामाईक धन आहे, त्यांना कायद्याने संरक्षण द्या, ही त्यांची मागणी. त्याच वर्षी डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. गावात पेढे वाटले होते, मलाही अभिमान वाटला होता, आजही वाटतो. तीन पिढ्यांनी खतपाणी घालून, कलमं करून, खारं वारं सोसून ते फळ मोठं केलं, ते श्रम खरेच आहेत. पण ज्यांच्या रानातून ते झाड आलं त्यांच्या नातवंडांना स्वतःच्या आजीची नक्षी आपली आहे हे न्यायालयात सांगावं लागतं. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसून आहेत. एकीने दुसरीला हलवता येत नाही.

परत आल्यावर घोलवडला गेले. दादाला सगळं सांगितलं. तुळईचं, राजाचं, चिकाचं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "सगळं नाही गेलं सरपणाला. दोन ओंडके राहिलेत गोठ्यामागे."

मला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, "आजोबांनी लावलेल्या पहिल्या झाडाचे. त्या माणसांनी फोडायचा प्रयत्न केला होता, कुऱ्हाड बसेना. उडून यायची. मग अण्णा म्हणाले, राहू दे."

गोठ्यामागे जुनी कौलं रचून ठेवलेली, त्यांच्या आडोशाला ते दोन ओंडके पडले होते. एकावर वहिनी धुण्याची बादली ठेवते. वर शेवाळ, कोंबड्यांची शिट, कितीतरी पावसाळ्यांची माती. कुऱ्हाडीच्या खुणा एका टोकाला तशाच होत्या, बोटभरही खोल नाहीत. मी नखाने दाबून बघितलं, नख वाकलं. दादाने काही न विचारता बादलीतलं पाणी ओंडक्यावर ओतलं आणि नारळाच्या शेंडीने घासायला लागला. मीही दुसऱ्या बाजूने बसले. माती गेली, शेवाळ गेलं, आणि कापलेल्या तोंडाशी लाकूड दिसायला लागलं, गडद लाल, ओलं, एकही भोक नसलेलं.

"अजून पाणी आण," दादा म्हणाला.